कूलरला निरोप द्या, पण कोरडा करून!

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. पहिला पाऊस पडून गेला आहे, अंगणात मातीचा वास दरवळतो आहे आणि गॅलरीतला कूलर एकाएकी नकोसा झाला आहे. तीन महिने ज्याच्या तोंडासमोरची जागा मिळावी म्हणून पोरांची भांडणं झाली, त्याच्याकडे आता कुणी ढुंकूनही बघत नाही. बटण बंद होतं, त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत पडतो आणि टाकीतलं पाणी? ते तसंच. "बघू एखाद्या रविवारी," म्हणता म्हणता दिवाळीची साफसफाई येते!

मैत्रिणींनो, मी तुम्हाला नावं ठेवत नाहीये. जळगावातल्या माझ्या घरी कित्येक वर्षं हेच चालत होतं. खानदेशातल्या बायकांना कूलरचं महत्त्व सांगायला नको. होळी झाली की तो माळ्यावरून खाली येतो, आखाजीला माहेरवाशिणी जमल्या की दिवसरात्र घरघरतो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळू लागला की घरातल्या मोठ्या मुलापेक्षा त्याचीच काळजी जास्त. पाण्याची वाफ होताना ती भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेते, एका लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी. हवा जितकी कोरडी तितकी वाफ झपाट्याने होते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या भाजणाऱ्या हवेत कूलर राजा आणि मुंबईच्या दमट हवेत भिकारी. पाऊस पडला की आपल्याकडेही तो नुसती चिकचिक करतो. अशा वेळी त्याला रजा देणं शहाणपणाचंच, पण ती कशी द्यायची हे मला शिकावं लागलं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. माझी धाकटी नणंद धुळ्याला देवपुरात राहते. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला सडकून ताप आला. डोळ्यांच्या मागे दुखतंय, पाय दुखतायत, असं पोर सारखं कण्हत होती. रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला. चार दिवस दवाखान्यात काढले. रोज प्लेटलेट्सचा आकडा ऐकताना काळजाचं पाणी होतं हो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा आम्ही देवापुढे दिवा लावला, तर डॉक्टर म्हणाले, "आताच जास्त लक्ष ठेवा." ताप उतरल्यावरच पोट दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं दिसू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली, ती तुम्हीही पदराला गाठ मारून ठेवा. अशा तापात घरच्या घरी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोर वाचलं, हे आमचं नशीब.

मग घरी आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याने कुंड्या पाहिल्या, गच्चीवरची टाकी पाहिली आणि शेवटी गॅलरीतल्या कूलरपाशी थांबला. तळातलं थोडं पाणी पांढऱ्या भांड्यात घेतलं, तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या! नणंदेचा चेहरा उतरला. "वहिनी, मी बूच काढून पाणी सोडलं होतं हो," असं ती मला फोनवर रडत सांगत होती.

खरंच सोडलं होतं तिने. पण एकदा तुमच्या कूलरचं बूच नीट बघा. बहुतेक टाक्यांत ते तळापासून थोडं वर असतं. त्यामुळे दोन बोटं पाणी आत राहतंच. शिवाय तिचा कूलर उघड्या गॅलरीत, त्यामुळे पावसाच्या ओढणीने त्यात भर पडत होती. डेंग्यूचा डास, म्हणजे पायावर पांढरे पट्टे असलेला एडिस, गटारात नव्हे तर अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि चावतो तोही दिवसा. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. त्याहून वाईट म्हणजे मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटवते. खसखशीहूनही बारीक काळे ठिपके. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणजे न घासता माळ्यावर टाकलेल्या कूलरमध्ये तुम्ही पुढच्या फाल्गुनात पाणी ओतलंत, की त्यांची पहाट झाली म्हणून समजा.

त्या फोननंतर मी माझ्या कूलरचं झाकण उघडलं. आत काय होतं ते लिहीत नाही. लाज वाटते.

आता त्या यंत्राकडे येते, पण आधी एका होडीची गोष्ट सांगायला हवी. माझी मावसबहीण अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. तिच्या यजमानांना शिडाच्या होडीचा भारी नाद. उन्हाळ्यात शनिवार-रविवार पाण्यावर आणि ऑक्टोबर सरत आला की होडी पाण्याबाहेर. मग तिला 'थंडीसाठी निजवायचा' कार्यक्रम असतो. तो तिने मला फोनवर चित्रासकट दाखवला. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. होडीच्या पंपात किंवा नळीत वाटीभर पाणी राहिलं, तरी हिवाळ्यात ते पंप फोडतं, नळी चिरतं. म्हणून होडीच्या पोटात साचलेलं, प्यायच्या पाण्याच्या टाकीतलं, नळ्यांच्या वळणांतलं पाणी ही मंडळी एका पिंपासारख्या यंत्राने ओढून काढतात. तरीही थेंब राहिलाच तर म्हणून नळ्यांत सहजी न गोठणारं एक गुलाबी औषध ओततात आणि मग होडीला झाकण घालतात. आपल्या कोकणातले कोळी वेगळ्या ऋतूत तेच करतात. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात लोटतात.

बहीण होडीचं कौतुक सांगत होती, पण माझं लक्ष त्या पिंपाकडे! मी विचारलं, "अगं, हे पाणी ओढतं?" ती म्हणाली, "पाणी, चिखल, पाला, सगळं. तुझा कूलर म्हणजे उलटी होडीच की. आमचं पाणी बाहेर हवं, तुझं आत हवं. पण शेवटचं तळातलं पाणी दोघींना छळतं."

व्हॅक्यूम क्लीनर आपल्याला नवा नाही. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरने १९०१ साली हवेच्या ओढीने धूळ काढणारं यंत्र केलं, तेव्हा ते एवढं अवजड होतं की घोडागाडीवरून न्यावं लागे. सातव्या एडवर्डच्या १९०२ मधल्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्याच यंत्राने साफ केले होते. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी निघाली आणि तिचे टाय लावलेले विक्रेते भर उन्हात दारोदार यंत्र दाखवू लागले, हे तुमच्यापैकी कित्येकींना आठवत असेल. पण ती यंत्रं कोरड्या धुळीची. साध्या क्लीनरने चुकूनसुद्धा पाणी ओढायचं नाही. पाणी थेट मोटरीत जातं आणि यंत्र जळतं. ते हातात असताना शॉकही बसू शकतो.

पाणी ओढायला 'ओला-सुका', म्हणजे वेट अँड ड्राय असं स्पष्ट लिहिलेलं यंत्रच हवं. त्यात खाली पिंप आणि वर डोक्यावर मोटर असते. नळीतून आलेलं पाणी पिंपात पडतं, हवा तेवढी वरून निघून जाते. आत एक तरंगणारी गोळी असते. पिंप भरत आलं की ती वर चढून हवेची वाट बंद करते. यंत्राचा आवाज एकदम चिरका होतो, ओढ थांबते, तेव्हा बंद करून पिंप ओतायचं. इतकी सोपी युक्ती आहे.

मात्र पाण्याचं काम करण्याआधी आतली धुळीची कागदी किंवा कापडी पिशवी काढून टाकायची आणि पुस्तिकेत सांगितला असेल तो स्पंजचा फिल्टर चढवायचा. मी पहिल्या दिवशी पिशवी काढायला विसरले. तिचा लगदा झाला, नळीत बोळा अडकला आणि ह्यांनी तो काढताना तासभर जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. शेजारच्या आजी कठड्याला रेलून मजा बघत होत्या. म्हणाल्या, "काय व माय, कूलर धुवाले बी आते मशीन लागस का?" लागतं की नाही, ते पुढे सांगतेच.

सुरुवात करायची ती यंत्रापासून नव्हे, कूलरच्या प्लगपासून. नुसतं बटण बंद करू नका, प्लग बाहेर ओढा आणि वायर गुंडाळून कूलरच्या डोक्यावर ठेवा, म्हणजे कुणी परस्पर लावणार नाही. पत्र्याच्या कूलरचा शॉक बसून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ओले हात, ओली फरशी, अनवाणी पाय, पत्र्याचं अंग आणि आत कुठे तरी सोललेली वायर, एवढं जमलं की पुरे. कूलर चालू ठेवून त्यात पाइपने पाणी सोडण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ती आजपासून बंद. तीन टोकांच्या प्लगमधलं जाड टोक अर्थिंगसाठी असतं, पण कित्येक जुन्या घरांत भिंतीतल्या त्या भोकामागे तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती एकदा तपासून घ्या. जमलं तर मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रवाह तोडतो. साड्यांवर आपण खर्च करतोच की!

प्लग काढला की बूच उघडून होईल तेवढं पाणी आधी असंच जाऊ द्या. ते बादलीत धरा. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथल्या बाईला हे मी सांगायला नको, पण हे पाणी कुंड्यांना घालू नका. सगळ्या उन्हाळ्यात जेवढं पाणी वाफ होऊन उडालं, त्यातले क्षार मागे टाकीतच राहिलेले असतात. ओटा, जिना, संडास धुवायला ते उत्तम.

मग तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढा. लाकडाच्या भुशाचं, म्हणजे त्या कुरळ्या काडीचं पॅड असेल तर सरळ फेकून द्या. ते दर वर्षी नवीनच घालायचं असतं. वाळ्याचं असेल तर झटकून, धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा. हनीकोंबचं, मधाच्या पोळ्यासारखं जाड पॅड महाग असतं. त्याला ब्रश लावलात तर कडा चुरगळतात. वरून पाण्याची हलकी धार सोडा, पांढरा थर फार असेल तर सौम्य लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ भिजवा आणि उभं करून वाऱ्यावर वाळवा.

आता तळ. गाळ, पानं, भुशाच्या काड्या, मेलेले किडे आणि ते दोन बोटं पाणी. इथे यंत्राचं अरुंद तोंड कोपऱ्यात घातलं की अर्ध्या मिनिटात तळ दिसतो. पूर्वी मी हेच काम वाटी, फडकं आणि कूलर तिरका करायला दोन माणसं लावून करत असे. एकदा तो तिरका करताना ह्यांची कंबर धरली होती. त्या दृष्टीने यंत्राचे पैसे तिथेच वसूल!

पण ओढून झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका. यंत्र पाणी नेतं, भिंतीला चिकटलेली अंडी नेत नाही. पाण्याच्या रेषेवर चारी बाजूंनी ताठ ब्रशने किंवा काथ्याने खसाखसा घासायचं. पांढरे क्षार निघत नसतील तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून तो बोळा थरावर अर्धा तास ठेवा. व्हिनेगरही चालतं. फक्त त्याच वेळी ब्लीचिंग पावडर वापरू नका. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गॅलरीत तो छातीवर बसतो. आधी एक, मग भरपूर पाण्याने धुऊन हवं तर दुसरं. आणि कपड्यांच्या पावडरीचा फेस करायचाच असेल तर तो यंत्राने ओढू नका. फेस त्या तरंगत्या गोळीला फसवून वर मोटरीपर्यंत जातो. रॉकेल, पेट्रोल किंवा गरम राख तर कधीच ओढायची नाही.

धुतलेलं पाणी पुन्हा एकदा ओढून घ्या. या वेळी पाण्याचा पंपही बाहेर काढा. मुठीएवढा डबा असतो तो. खालची जाळी आणि पंख्यावरचं झाकण बहुधा नखाने निघतं. आत केस, काड्या आणि क्षार यांची गाठ सापडेल. "पंप गेला" म्हणून आपण दर वर्षी नवा आणतो, त्यातले बरेचसे पंप मेलेले नसतात, तुंबलेले असतात. वर पाणी नेणाऱ्या नळीच्या एका टोकाला यंत्राचं तोंड लावून हाताने घट्ट धरा. आतलं पाणी आणि घाण सपकन येते. होडीवाल्यांची युक्ती हीच. पाणी वाटणाऱ्या वरच्या भोकाभोकांच्या पट्टीलाही तेच करा. भोकं बुजली असतील तर दाभण वापरा.

बहुतेक ओल्या-सुक्या यंत्रांना मागे हवा फेकणारं तोंडही असतं. पिंप रिकामं आणि कोरडं करून, नळी तिथे लावून कूलरच्या कोपऱ्यांत फुंकर मारा. मग झाकण उघडं ठेवून एक पूर्ण दिवस ऊन दाखवा. पावसाळी हवेत ऊन नसेल तर पंख्याखाली दोन दिवस. हात फिरवून बोट कोरडं आलं पाहिजे.

पत्र्याच्या कूलरला तळाशी गंज दिसला तर काचकागदाने घासून रंगाचा हात द्या. तेवढ्यासाठी आठ-नऊ महिने वाट पाहिलीत तर फाल्गुनात भोक दिसेल. पंख्याच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब पुरतात.

यंत्र वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पायात रबरी चपला हव्यात. एक्स्टेन्शनचा बोर्ड फरशीवर नको, स्टुलावर ठेवा. मध्येच वीज गेली तर बटण बंद करा, नाहीतर ती परत येताच यंत्र एकदम सुरू होऊन नळी हातातून उडते. आणि पिंप गच्च भरू देऊ नका. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर यंत्राचं वजन. अर्ध्यावर ओतत चला, तुमच्या कंबरेवर उपकार होतील. जमिनीखालच्या हौदाचा तळही यंत्राने निघतो, पण विजेचं यंत्र चालू असताना कुणीही हौदात उतरायचं नाही. फार दिवस बंद असलेल्या हौदात तर एकट्याने मुळीच नाही.

काम झाल्यावर यंत्राचं पिंप ओतून, पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवा, नळी उलटी टांगा. मी एकदा तसंच बंद करून ठेवलं. आठवड्याने उघडलं तर मेल्या उंदरासारखा वास! डासांना कूलरऐवजी पिंप दिलं, तर धुण्याचा उपयोग काय?

आता शेजारच्या आजींच्या प्रश्नाकडे. लागतं का हे यंत्र? खरं सांगू, एकाच कूलरसाठी नाही लागत. स्पंजचा मोठा तुकडा, जुना टॉवेल, वाटी आणि एक तास एवढ्यात तळ कोरडा होतो, आणि घासायचं काम तर यंत्र करतच नाही. या यंत्राची किंमत काही हजारांत जाते आणि वर्षात ते दहा-बारा वेळा बाहेर निघतं. म्हणून आम्ही आमच्या भिशीतल्या पाच जणींनी मिळून घेतलं. प्रत्येकीच्या घरी कूलर, गॅलरीचं तुंबलेलं पाणी, कपाटामागची धूळ, कानबाईच्या आधीची साफसफाई, सगळ्याला ते फिरतं. फक्त एक नियम केला आहे: जिच्याकडून ते घाण परत येईल, तिने पुढच्या भिशीला सगळ्यांचा चहा-चिवडा करायचा. आतापर्यंत दोनदा मीच केला.

झाकायला प्लास्टिकचा कागद थेट गुंडाळू नका, आत घाम धरतो. आधी जुनी सुती चादर, वरून हवं तर प्लास्टिक, तेही खालून मोकळं. आमच्या जळगावची प्लास्टिकची जुनी चटई असेल तर ती वरून बांधायला फार छान. बूच मात्र उघडंच राहू द्या. चुकून गळक्या छताचं पाणी आत गेलं, तर बरंचसं निघून तरी जाईल. कूलर खिडकीत कायमचा बसवलेला असेल आणि उतरवता येत नसेल, तर पावसाळाभर आठवड्यातून एक ठरलेला वार धरा आणि बूच उघडून तळ पुसून काढा. नणंदेने शनिवार धरला आहे. शाळा सकाळची असते, म्हणून भाचीच फडकं घेऊन गॅलरीत जाते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा चार दिवस कूलर लावायचा मोह होतो. लावा, पण मग हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी त्या चार दिवसांसाठी नुसता पंखा लावते.

आणि पंप कुठे ठेवायचा? कूलरच्या आत नको, तिथे उंदीर वायर कुरतडतात. मी तो पापडाच्या रिकाम्या डब्यात, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवते आणि डब्यावर ठळक अक्षरांत 'कूलरचा पंप' अशी चिठ्ठी लावते. गेल्या फाल्गुनात ह्यांनी पापड समजून तोच डबा उघडला होता.